गुडघे टेकलेला डोजे: लुदोविको मानिन आणि व्हेनिसचा शेवट

जुन्या पेटीतली पुतळ्यांची माळ नीट पाहिली तर तिची प्रत्येक चकती नाण्यासारखी दिसते. मुळात ती नाणंच होती, आणि तेही आपल्याकडचं नव्हे, व्हेनिसचं. तिथे त्याला झेक्किनो किंवा डुकाट म्हणत. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. १२८४ पासून पाचशे वर्षं या नाण्याचा ना कस बदलला, ना वजन. त्यामुळे अलेक्झांड्रिया आणि लाल समुद्रामार्गे ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आलं, तेव्हा सराफांनी डोळे झाकून घेतलं. नाण्यावर माणसांच्या आकृत्या होत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. पुढे इथल्या सोनारांनी तशाच चकत्या घडवल्या, आकृत्या बदलल्या, नाव मात्र राहिलं.

मूळ नाण्यावर दोन माणसं दिसतात. एक उभा, दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला. उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचा रक्षक. गुडघे टेकलेला आहे तो डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख. जगातल्या बहुतेक राजांनी नाण्यावर आपला मुखवटा छापला. व्हेनिसनं आपल्या प्रमुखाला पाचशे वर्षं गुडघ्यावर बसवलं. त्या राज्याची घटना एका चित्रात सांगायची, तर याहून नेमकं चित्र सापडणार नाही.

या नाण्यावर नाव आलेला शेवटचा डोजे लुदोविको मानिन. परंपरेच्या मोजणीनुसार तो १२० वा. १२ मे १७९७ रोजी त्याच्या डोळ्यांदेखत प्रजासत्ताकानं स्वतःचंच विसर्जन केलं. तेव्हापासून त्याच्या नावावर 'रडका, घाबरट म्हातारा' असा शिक्का बसला तो बसलाच. मराठी वाचकाला इथे दुसरा बाजीराव आठवेल. काळही तोच आहे, बाजीराव गादीवर आला तो १७९६ च्या अखेरीला. पण तुलना इथेच थांबवावी लागते. वसईच्या तहावर सही करायला बाजीरावाला कुणाची परवानगी लागली नाही. मानिनला मात्र परदेशातून आलेलं पत्रसुद्धा एकट्यानं उघडायची मुभा नव्हती.

सोन्याच्या पिंजऱ्यातलं पद

व्हेनिसला प्रजासत्ताक म्हणतात, पण त्यात प्रजेला फारसं स्थान नव्हतं. सत्ता होती काही शे सरदार घराण्यांकडे. १२९७ मध्ये या घराण्यांनी महासभेचं दार बाहेरच्यांसाठी जवळजवळ बंद केलं. पुढे ज्याच्या जन्माची नोंद 'सोन्याच्या वही'त असेल, त्यालाच वयात आल्यावर महासभेत बसता येई. महासभेतून सेनेट निवडलं जाई. परराष्ट्र धोरण, युद्ध आणि व्यापार हे विषय सेनेटकडे होते. १३१० मध्ये एक बंड फसलं, त्यानंतर राज्याच्या सुरक्षेसाठी 'दहांचं मंडळ' स्थापन झालं. त्याच्याही पुढे तीन चौकशी अधिकारी आले, ज्यांच्या नावानं अख्खं शहर दबून असे.

या सगळ्याच्या टोकाला डोजे. दिमाखाला तोटा नव्हता. शिंगासारखी वळलेली टोपी, जरीचा झगा, राहायला सान मार्को चौकातला राजवाडा, आणि पद मरेपर्यंतचं. प्रत्येक मोठ्या सभेत तो अध्यक्षाच्या जागी बसे. पण त्याच्या दोन्ही बाजूंना शहराच्या सहा विभागांतून आलेले सहा सल्लागार बसत आणि त्यांच्याविना त्याला काहीही करता येत नसे. सल्लागार काही महिन्यांनी बदलत, डोजे तोच राही. दर वेळी नव्या पहारेकऱ्यांशी जुळवून घ्यायचं.

पद स्वीकारताना त्याला एक लांबलचक शपथपत्र वाचावं लागे. त्याला प्रोमिस्सिओने म्हणत. नाव शपथपत्राचं, प्रत्यक्षात ती मनाईंची यादी होती. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. परदेशी वकिलाला एकट्यानं भेटायचं नाही. राज्यकारभाराची पत्रं सल्लागारांसमोरच उघडायची. राज्याबाहेर जमीन घ्यायची नाही. मुलाबाळांना सत्तेच्या जागांवर बसवायचं नाही. डोजे वारला की नवा निवडण्याआधी एक समिती या यादीत कुठे फट राहिली ते पाहून ती बुजवी. त्यामुळे प्रत्येक नव्या डोजेचे हात आधीच्यापेक्षा थोडे जास्तच बांधलेले असत. १५०१ पासून आणखी एक समिती आली. ती मेलेल्या डोजेच्या कारभाराची तपासणी करी आणि गैरव्यवहार सापडला तर दंड वारसांकडून वसूल करी.

ही एवढी धास्ती उगाच नव्हती. १३५५ मध्ये मारिन फालिएर या डोजेनं खरोखरच राजा व्हायचा कट केला होता. त्याचं डोकं राजवाड्यातच उडवलं गेलं. महासभेच्या दालनात पहिल्या ७६ डोजेंची चित्रं ओळीनं आहेत, त्यात त्याच्या जागी काळा पडदा रंगवलेला आहे. पुढच्या प्रत्येक डोजेला त्या पडद्याकडे पाहतच सभा चालवावी लागे.

गोळे, चिठ्ठ्या आणि रस्त्यावरचा पोरगा

डोजे निवडायची पद्धत १२६८ मध्ये ठरली आणि मानिनपर्यंत तशीच चालली. पहिल्यांदा वाचताना ती वेडेपणाची वाटते, पण हिशेब मांडून पाहिला की तिच्यातली हुशारी कळते.

सुरुवातीला सल्लागारांमधला सगळ्यात तरुण माणूस सान मार्कोच्या चौकात जाई आणि समोर दिसलेल्या पहिल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन येई. मडक्यातून गोळे काढायचं काम त्याचं. त्याचे कुणाशी लागेबांधे नाहीत, म्हणून त्याचा हात निर्मळ. मग तिशी ओलांडलेल्या महासभा सदस्यांतून सोडतीनं ३० जण निघत. त्या ३० मधून पुन्हा सोडतीनं ९ उरत. हे ९ जण मत देऊन ४० नावं ठरवत, आणि प्रत्येक नावाला ९ पैकी किमान ७ मतं हवीत. त्या ४० मधून सोडतीनं १२. ते १२ जण २५ निवडत, प्रत्येकाला किमान ९ मतं. २५ मधून सोडतीनं ९. ते ९ जण ४५ निवडत, प्रत्येकाला ७ मतं. ४५ मधून सोडतीनं ११. आणि ते ११ जण शेवटचे ४१ निवडत, प्रत्येकाला ९ मतं. हे ४१ जण डोजे निवडत. जिंकायला २५ मतं लागत.

४१ च का? १२२९ मध्ये मतदार ४० होते आणि मतं २०-२० अशी अडकली. शेवटी चिठ्ठी टाकावी लागली. पुढे ती वेळ येऊ नये म्हणून एक माणूस वाढवला.

आता यातलं मर्म. सोडतीची फेरी लाचेचा मार्ग अडवते, कारण आज ज्याला पैसे चारले तो उद्या मडक्यातूनच बाहेर निघणार नसेल तर पैसे पाण्यात. पण नुसती सोडत ठेवली तर कुणीही गणंग प्रमुख व्हायचा. म्हणून मधे मधे मतदान, आणि तेही साध्या बहुमताचं नाही. ९ पैकी ७ म्हणजे निम्म्याहून बरंच जास्त. त्यामुळे एकाच गटाचा कट्टर माणूस गळत जाई आणि बहुतेकांना चालेल असा माणूस पुढे सरके. एका घराण्यातून एका फेरीत एकच जण, हाही नियम होता. उमेदवाराचं नाव निघालं की त्याला बाहेर पाठवत, त्याच्याबद्दलच्या तक्रारी उघड बोलल्या जात, मग त्याला आत बोलावून उत्तर द्यायला सांगत आणि त्यानंतर मतदान. मताचे गोळे कापडाचे असत, म्हणजे कुठल्या पेटीत पडला ते आवाजावरून कळू नये. या गोळ्याला तिथे बाल्लोत्ता म्हणत. मतपत्रिकेला आपण जो 'बॅलट' म्हणतो, तो शब्द तिथूनच आलाय.

पण या यंत्रातच एक खोट होती आणि ती फार उशिरा दिसली. 'बहुतेकांना चालेल असा माणूस' म्हणजे बहुतेकदा कुणालाच न दुखावणारा माणूस. शांततेच्या काळात तो उत्तम. आणि समजा एखादा खमका निवडून आलाच, तर त्याला शपथपत्रानं बांधून ठेवलेलं होतंच.

आटत गेलेलं राज्य

वास्को द गामा १४९८ ला कालिकतला पोहोचला आणि व्हेनिस बुडालं, असं शाळेत शिकवतात. ते तितकं सरळ नाही. लाल समुद्राकडून येणारी मिरी काही वर्षं रोडावली, पण सोळाव्या शतकाच्या मध्याला पुन्हा भरपूर येऊ लागली होती. खरा तडाखा सतराव्या शतकातला. डच आणि इंग्रज कंपन्यांनी मसाल्याची मूळ बाजारपेठच ताब्यात घेतली आणि त्यांची जहाजं भूमध्य समुद्रातही स्वस्तात माल वाहू लागली. १६३० च्या प्लेगनं शहराची जवळजवळ तिसरा हिस्सा वस्ती गिळली. लोकरी कापडाचा धंदा १६०० च्या सुमाराला वर्षाला २८ हजार ठाणांच्या वर होता, तो शंभर वर्षांत दोन-तीन हजारांवर आला. कारण ठरलेलं: कारागिरांच्या संघांनी दर्जा आणि मजुरी सोडली नाही, आणि गिऱ्हाइकाला हलकं, स्वस्त कापड हवं होतं. लिवोर्नोचं खुलं बंदर आधीपासून होतंच, १७१९ मध्ये ऑस्ट्रियानं त्रिएस्तेला जकातमुक्त बंदर केलं आणि व्हेनिसच्या दारातला व्यापार शेजारी वळला.

प्रदेशही गेला. सायप्रस १५७१ मध्ये, क्रीट १६६९ मध्ये, आणि १७१८ च्या पासारोवित्झच्या तहात ग्रीसमधला मोरेया. त्यानंतर व्हेनिसनं ठरवलं की आता युद्धच नको, कुणाच्याच बाजूनं जायचं नाही. सरदारांनी पैसा जहाजांतून काढून मुख्य भूमीवरच्या शेतीत घातला. अठराव्या शतकातलं व्हेनिस म्हणजे कार्निव्हल, मुखवटे, जुगाराचे अड्डे आणि युरोपभरचे हौशी प्रवासी.

सरदार घराणीही आतून पोखरत होती. वाटणी होऊ नये म्हणून बहुतेक घरांत एकच भाऊ लग्न करी, बाकीचे तसेच राहत. इस्टेट शाबूत राही, पण वंश खुंटे. सोळाव्या शतकाच्या मध्याला अडीच हजारांच्या आसपास असलेले सभासद १७९७ ला हजार-बाराशेवर आले. त्यातही फाटका वर्ग मोठा. सान बार्नाबा भागात सरकारी खोल्यांत राहणारे हे गरीब सरदार बार्नाबोत्ती म्हणून ओळखले जात. रेशमी झगा अंगावर, चूल थंड, आणि विकायला हातात एकच गोष्ट: मत.

मानिनच्या आधीचा डोजे पाओलो रेनिएर. त्यानं मतं विकत घेतली अशी उघड बोलवा होती, आणि लोकांना तो अजिबात आवडत नसे. पण बोलायला परखड. १७८० मध्ये त्यानं भर सभेत सुनावलं की आपल्याकडे ना भूदल, ना आरमार, ना मित्र. आपण नशिबावर जगतोय, आणि व्हेनिस शहाणं आहे या इतरांच्या समजुतीवर. रोगाचं निदान अचूक होतं. औषध मात्र कुणीच सुचवलं नाही. १७८९ च्या फेब्रुवारीत तो वारला, पण कार्निव्हलच्या गर्दीचा रंग बिघडू नये म्हणून बातमी मार्चपर्यंत दाबून ठेवली.

फ्रिउलीचा पाहुणा

लुदोविको मानिनचा जन्म १७२५ चा. घराणं फ्रिउली प्रांतातलं, उदिनेकडचं. जमीनजुमला अफाट, पण सरदारकी नवी. क्रीटच्या लढाईत तिजोरी रिकामी झाली तेव्हा व्हेनिसनं सोन्याच्या वहीत नाव घालायचा भाव लावला: एक लाख डुकाट. शंभरहून जास्त घराण्यांनी तो मोजला. मानिन घराणं त्यांपैकी एक, साल १६५१. म्हणजे लुदोविको उभा राहिला तेव्हा या गोष्टीला १३८ वर्षं झाली होती, पण जुन्या घराण्यांच्या लेखी हे लोक अजून उपरेच. तो निवडून आल्यावर प्रतिस्पर्धी पिएत्रो ग्रादेनिगोनं काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत: फ्रिउलीच्या माणसाला डोजे केलं, प्रजासत्ताक मेलं.

माणूस वाईट नव्हता. विचेन्झा, व्हेरोना, ब्रेशा या शहरांत त्यानं अधिकारी म्हणून काम केलं आणि प्रामाणिक, दानशूर म्हणून नाव कमावलं. नंतर सान मार्कोचा प्रोक्युरेटर झाला, डोजेखालोखाल मानाचं पद. बायको एलिसाबेता ग्रिमानी जुन्या मोठ्या घराण्यातली. मूलबाळ नव्हतं, आणि तो डोजे झाल्यावर तीनच वर्षांनी, १७९२ मध्ये, ती गेली.

मग इतरांना सोडून यालाच का निवडलं? मुख्य कारण पैसा. लाच द्यायला नव्हे, पद परवडायला. डोजेपद म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार होता. निवड झाली की चौकात लोकांवर नाणी उधळायची. वर्षातून ठरलेल्या सणांना सरकारी मेजवान्या द्यायच्या. वर महासभेच्या प्रत्येक सभासदाला दरसाल भेट. पूर्वी ही भेट पाच रानबदकांची असे. पुढे एवढी बदकं मिळेनात आणि वाटताना भांडणंही होत, म्हणून १५२१ पासून बदकांऐवजी खास पाडलेलं चांदीचं नाणं आलं. त्याचं नाव ओझेल्ला, म्हणजे पाखरू. मानिनच्या निवडीच्या समारंभाचा खर्च साडेचार लाख लिरांच्या वर गेला आणि त्यातला पाव भागही सरकारनं उचलला नाही. इतकी ऐपत असलेली घराणी बोटांवर मोजण्याएवढीच उरली होती. ९ मार्च १७८९ ला पहिल्याच फेरीत त्याची निवड झाली. ती बातमी ऐकून त्याला रडू फुटलं म्हणतात.

चार महिन्यांनी पॅरिसमध्ये बास्तीयचा किल्ला पडला आणि फ्रेंच राज्यक्रांतीला तोंड फुटलं.

१७९७ चा वसंत

१७९६ मध्ये फ्रेंच सेनापती नेपोलियन बोनापार्ट ऑस्ट्रियाशी लढत इटलीत उतरला. दोन्ही फौजा व्हेनिसच्या मुख्य भूमीवरून येत-जात होत्या, धान्य उचलत होत्या, किल्ल्यांत शिरत होत्या. व्हेनिसचं धोरण तटस्थतेचं. पण तटस्थ राहायलाही हातात काठी लागते. फ्रान्चेस्को पेझारोसारखे काही जण शस्त्रसज्ज तटस्थतेचा आग्रह धरत होते. सेनेटमध्ये खर्चाचा विषय निघाला की तो मागे पडे. हा निर्णय सेनेटचा. डोजेला तिथे एकच मत.

१७ एप्रिल १७९७, ईस्टरचा सोमवार. व्हेरोनातले लोक फ्रेंचांवर उठले आणि शेकडो फ्रेंच मारले गेले. दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रियातल्या लेओबेनला बोनापार्टनं ऑस्ट्रियाशी गुप्त मसुदा केला, त्यात व्हेनिसची मुख्य भूमी ऑस्ट्रियाला देऊन टाकली होती. व्हेनिसला याचा पत्ता नव्हता. २० एप्रिलला एक फ्रेंच लढाऊ नाव बंदी मोडून लिदो बेटाजवळच्या खाडीच्या तोंडातून आत शिरली. सांत आंद्रेया किल्ल्यावरून दोमेनिको पिझ्झामानोनं तोफा डागल्या, फ्रेंच कप्तान ठार झाला. बोनापार्टला हवं ते निमित्त मिळालं. २५ एप्रिलला ग्राझमध्ये त्यानं व्हेनिसच्या वकिलांना तोंडावर सांगितलं: मला चौकशी अधिकारी नकोत, सेनेट नको, व्हेनिससाठी मी अॅटिला होईन. अॅटिला म्हणजे युरोपात विध्वंस करणारा हूणांचा राजा.

आता इथे राज्ययंत्र कसं मोडलं ते पाहण्यासारखं आहे. झटपट निर्णय हवा होता. सेनेट मोठं, तिथे वाद वाढणार, बातमी फुटणार. म्हणून ३० एप्रिलच्या रात्री डोजेच्या खासगी दालनात चाळीसेक बड्या अधिकाऱ्यांची बैठक भरली. घटनेत अशी सभाच नव्हती. पाचशे वर्षं ज्या डोजेला एकट्यानं काही करू दिलं नाही, त्याच्याच खोलीत आता सगळं राज्य येऊन बसलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागलं. खाडीच्या काठावर फ्रेंच तोफांची तयारी चाललीय, असा निरोप आला. मानिन येरझाऱ्या घालत म्हणाला, "आज रात्री आपण आपल्या बिछान्यातही सुरक्षित नाही." हे वाक्य त्याला आयुष्यभर चिकटलं.

लढता आलं असतं का? शहराभोवती खाडी. पाण्यातल्या वाटा माहीत नसलेल्याची नाव चिखलात रुतणार. शहरात एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या दाल्मेशियाहून आलेले निष्ठावान स्लाव सैनिक, हाताशी शस्त्रनौका. बोनापार्टकडे आरमार नव्हतं. काही आठवडे शहर तग धरू शकलं असतं, असं मानायला जागा आहे. पण पाणी, धान्य, सरपण सगळं मुख्य भूमीवरून येणारं, सरदारांच्या जमिनीही तिकडेच, आणि त्या एव्हाना फ्रेंचांच्या हातात. लढाई ओढवून आपलीच इस्टेट जाळून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. भित्रेपणाचं खापर एका म्हाताऱ्याच्या माथ्यावर फोडणं सोयीचं गेलं, एवढंच.

१२ मेला महासभा भरली. कायदेशीर ठरायला ६०० जण हवेत. आले ५३७. म्हणजे ज्या सभेनं प्रजासत्ताक मोडलं ती कायद्यानं सभाच नव्हती. मानिन पांढराफटक, डोळ्यांत पाणी, कसाबसा बोलला. प्रस्ताव असा की सत्ता नव्या प्रातिनिधिक सरकारकडे द्यावी. चर्चा सुरू होतेय तोच बाहेरून बंदुकांचे बार ऐकू आले. सभासद उठून दारांकडे धावले. प्रत्यक्षात ते स्लाव सैनिक होते. त्यांना जहाजांवर चढवून घरी पाठवलं जात होतं आणि निघताना ते सान मार्कोला मानवंदना देत होते. दालनात कुणालाच ते उमजलं नाही. घाईघाईनं मतं पडली: बाजूनं ५१२, विरुद्ध २०, तटस्थ ५. निकाल नीट जाहीर व्हायच्या आधीच दालन निम्मं रिकामं झालं होतं.

मानिन आपल्या खोलीत गेला, टोपीखाली घालायची पांढरी सुती कुंची काढून नोकराच्या हातात दिली आणि म्हणाला, "घे, आता ही मला लागायची नाही."

बाहेर चौकात वेगळंच चाललं होतं. खिडकीतून कुणीतरी स्वातंत्र्याचा जयघोष केला, तर खालून उत्तर आलं, "सान मार्कोचा विजय असो!" ज्यांना महासभेत कधी पाय ठेवता आला नव्हता ते नावाडी, हमाल, कारागीर झेंडे फडकवू लागले आणि फ्रेंचधार्जिण्यांची घरं लुटू लागले. त्यांना आवरायला रिआल्तोच्या पुलावर तोफा लावल्या आणि डागल्या. प्रजासत्ताकाच्या नावानं उडालेला शेवटचा तोफगोळा प्रजासत्ताकाच्याच बाजूनं ओरडणाऱ्यांवर पडला.

१६ मेला मिलानमध्ये व्हेनिसच्या वकिलांनी बोनापार्टशी तह केला. रोख रक्कम, आरमारी सामान, जहाजं, २० चित्रं आणि ५०० हस्तलिखितं द्यायची. ज्या सरकारच्या नावानं ते सही करत होते ते चार दिवसांपूर्वीच संपलं होतं, आणि बोनापार्टनं नंतर नेमकं हेच कारण पुढे करून आपल्या बाजूची कलमं झटकली. त्या वर्षी असेन्शनचा, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण २५ मेला होता. या दिवशी डोजे बुचिंतोरो या सोनेरी नौकेतून समुद्रात अंगठी टाकून समुद्राशी लग्न लावत असे. ४२ वल्ही आणि १६८ वल्हेकरी. १७९७ ला अंगठी टाकायला डोजेच नव्हता. पुढच्या जानेवारीत, शहर ऑस्ट्रियाच्या हवाली करण्याच्या थोडं आधी, फ्रेंचांनी सोन्यासाठी ती नौकाच जाळली.

त्यानंतरचा मानिन

राजवाडा सोडून मानिन रिआल्तोजवळच्या घराण्याच्या वाड्यात राहायला गेला. ४ जूनला सान मार्कोच्या चौकात क्रांतीचं प्रतीक असलेला स्वातंत्र्याचा वृक्ष रोवून सोन्याची वही आणि डोजेची चिन्हं जाळली. ज्या वहीसाठी मानिनच्या पूर्वजांनी एक लाख डुकाट मोजले होते, तिची राख झाली.

त्याच उन्हाळ्यात बोनापार्टनं ऑस्ट्रियाशी तहाच्या वाटाघाटींसाठी मुक्काम ठोकला तो फ्रिउलीतल्या पास्सारियानोच्या हवेलीत. ही हवेली मानिन घराण्याची. १७ ऑक्टोबर १७९७ चा तह काम्पो फोर्मियोच्या नावानं ओळखला जातो. तो तिथेच घासाघीस होऊन ठरला आणि त्यानं व्हेनिस ऑस्ट्रियाला देऊन टाकलं. शेवटच्या डोजेचं शहर शेवटच्या डोजेच्याच घरात विकलं गेलं.

मानिन नव्या कारभारात पडला नाही. माणसांत जाणं त्यानं जवळजवळ सोडलं, बाहेर पडला की लोकांचे टोमणे. काय घडलं ते त्यानं आपल्या बाजूनं लिहून ठेवलं. २४ ऑक्टोबर १८०२ रोजी तो वारला. मृत्युपत्रात मोठी रक्कम वेड लागलेल्यांसाठी आणि निराधार मुलांसाठी ठेवली होती. त्यातून उभी राहिलेली संस्था पुढे मानिन या नावानंच चालली.

मानिन हे नाव व्हेनिसनं पुढे एकदा डोक्यावर घेतलं, पण वेगळ्या माणसासाठी. १८४८ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव करून ज्यानं जवळजवळ दीड वर्ष प्रजासत्ताक पुन्हा उभं केलं तो वकील दानिएले मानिन. रक्ताचं नातं काही नाही. त्याचे आजोबा ज्यू होते. ख्रिस्ती झाले तेव्हा पाठीराख्या मानिन घराण्याचं आडनाव त्यांना मिळालं.

लुदोविकोची समाधी व्हेनिसच्या रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या स्काल्झी चर्चमध्ये, घराण्याच्या चॅपेलात आहे. फरशीवर शब्द आहेत ते लॅटिनमध्ये, 'मानिनची राख'. डोजे हा शब्द तिथे नाही.